प्रा. न्वोसू यांची कैफियत

आत्मचरित्रपर वाङ्मयांत एक वर्ग असा आहे कीं, त्यास आत्मचरित्र म्हणण्यापेक्षां कैफियत म्हणणेंच अधिक योग्य होईल. एखाद्या मोठ्या प्रसंगीं ज्याच्या हातून कांहीं घडलें, अथवा घडावयाचें राहून गेलें, असा मनुष्य पुष्कळ वर्षांनीं लोकांपुढें येतो आणि 'आतां माझेंहि ऐकून घ्या' असें म्हणतो. अशा ग्रंथाचें परीक्षण करणारास दोन गोष्टी पाहाव्या लागतात. लेखक जें सांगतो तें कितपत खरें आहे ही पहिली. व जें सांगावयास हवें होतें त्यापैकीं त्यानें काय गाळलें ही दुसरी. पहिलीसाठीं कागदपत्रें उपयोगी पडतात. दुसरीसाठीं मनुष्यस्वभावाची ओळख लागते. नायजेरियाच्या राष्ट्रीय निवडणूक आयोगाचे एके काळचे अध्यक्ष प्रा. हंफ्रे न्वोसू यांनीं १९९३ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीची आपली हकीकत २००८ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केली. 'लेइंग द फाउंडेशन फॉर नायजेरियाज डेमॉक्रसी' असें त्या ग्रंथाचें नांव आहे. लोकशाहीचा पाया घातल्याचा दावा नांवांतच आहे. तो दावा कितपत खरा, आणि ग्रंथकर्त्याच्या एकंदर कारकीर्दीची योग्यता काय, याचा थोडा विचार करण्याचा आमचा हेतु आहे.

आफ्रिकेंतील एका लष्करी राजवटींतल्या अधिकाऱ्याशीं आपणांस काय कर्तव्य, असा प्रश्न कित्येक वाचक करतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, देश दूरचा असला तरी पेंच घरोघरचा आहे. आमच्या मध्यम वर्गांत सरकारी नोकरीची परंपरा पिढ्यान् पिढ्यांची आहे. 'मीं माझें काम चोख केलें. पुढें वरिष्ठांनीं त्याचें काय केलें तें त्यांचें त्यांस ठाऊक', हें वाक्य ज्याच्या घरांत कधीं ऐकूं आलें नाहीं असा वाचक विरळा. तें कोठपर्यंत खरें मानावें आणि कोठें तें केवळ पळवाट ठरतें, हें पाहावयाचें असेल तर न्वोसूंच्या चरित्रासारखें उदाहरण शोधूनहि सांपडणें कठीण.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजीं स्वतंत्र झाला, आणि जानेवारी १९६६ मध्यें तेथें पहिलें लष्करी बंड झालें. पूर्वेकडील इग्बो लोकांचा प्रदेश बियाफ्रा या नांवानें फुटून निघाल्यामुळें १९६७ ते १९७० पर्यंत घनघोर यादवी माजली. १९७९ सालीं मुलकी राज्य परत आलें. पण १९८३ च्या निवडणुकींतील गैरप्रकारांनीं त्याची अब्रू गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं सैन्यानें तें उलथून पाडलें. पुढें २७ ऑगस्ट १९८५ रोजीं जनरल इब्राहिम बाबांगिदा यांनीं आपल्या लष्करी पूर्वाधिकाऱ्यासच दूर सारून सत्ता हातीं घेतली. राज्य लोकांच्या स्वाधीन करण्याचें वचन त्यांनीं प्रथम १९९० सालचें दिलें, मग १९९२ चें, मग जानेवारी १९९३ चें, आणि शेवटीं २७ ऑगस्ट १९९३ चें. रोख्याची मुदत वाढवून मागणाऱ्या कुळाप्रमाणें ते तारखा पुढें ढकलीत गेले. फरक इतकाच कीं, येथें ऋणकोच्या हातीं बंदूक होती आणि धनको निःशस्त्र होता.

असल्या ऋणकोचा हिशेबनीस होण्याचें काम १९८९ सालीं न्वोसूंनीं पत्करलें. ते १९४१ सालीं इग्बो कुळांत जन्मलेले, आणि नसुक्का येथील नायजेरिया विद्यापीठांत राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पूर्वीं त्या खुर्चीवर प्रा. एमे आवा होते. तेहि राज्यशास्त्राचेच ज्येष्ठ पंडित आणि त्याच विद्यापीठांतले. सरकाराशीं त्यांचें पटलें नाहीं व ते पायउतार झाले. ज्या जागेवरून आपल्याच शास्त्रांतील एका वडीलधाऱ्यास उठावें लागलें, त्या जागेवर बसतांना न्वोसूंस त्या जागेचा स्वभाव ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरी ते बसले. आपण बसलों नाहीं तर दुसरा कोणी कमी लायकीचा बसेल, असा विचार अशा वेळीं विद्वान् मनुष्याच्या मनांत येतो. तो नेहमींच खोटा असतो असें नाहीं. पण त्याच्या आधारावर मनुष्य कोठवर वाहत जाईल याचा नेम राहत नाहीं.

पहिली परीक्षा त्याच वर्षीं झाली. मे १९८९ मध्यें राजकीय पक्षांवरील बंदी उठली आणि तेरा संघांनीं मान्यतेसाठीं अर्ज केले. आयोगानें छाननी करून त्यांपैकीं सहांची नांवें सरकाराकडे धाडलीं. सरकारानें तेराहि अर्ज केराच्या टोपलींत टाकले, आणि ऑक्टोबरांत आपल्याच मर्जीनें दोन नवे पक्ष जन्मास घातले. सोशल डेमॉक्रॅटिक पार्टी किंचित् डावीकडे झुकलेली, आणि नॅशनल रिपब्लिकन कन्व्हेन्शन किंचित् उजवीकडे झुकलेलें. त्यांचीं कार्यालयेंहि सरकारी पैशानें बांधण्यांत आलीं. लग्नांत वरपक्ष व वधूपक्ष या दोहोंचें यजमानपण एकाच गृहस्थानें करावें, तसलाच हा प्रकार. राज्यशास्त्राच्या अध्यापकास यांतील विनोद कळला नसेल असें म्हणवत नाहीं. ज्या आयोगाची शिफारस अशी झुगारून दिली गेली, त्याच्या अध्यक्षानें त्याच दिवशीं राजीनामा दिला असता तर त्याचें कोणास आश्चर्य वाटलें नसतें. न्वोसू राहिले, आणि त्या दोन पक्षांसाठींच निवडणुकीचें यंत्र सिद्ध करूं लागले.

त्या यंत्रासंबंधीं मात्र त्यांची स्तुति मनापासून केली पाहिजे, कारण त्यांच्या कीर्तीचा खरा आधार तेंच आहे. नायजेरियांतील निवडणुकांचा जुना रोग म्हणजे पेट्यांत खोट्या मतपत्रिका भरणें व वाटेंत आंकडे बदलणें. यावर प्रथम उघड मतदानाची तोड काढण्यांत आली. मतदारांनीं आपापल्या उमेदवाराच्या चित्रामागें रांग करावयाची आणि अधिकाऱ्यानें सर्वांदेखत डोकीं मोजावयाचीं. यानें पेट्यांतील चोरी थांबली. पण गरिबास आपल्या धन्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या विरुद्ध रांगेंत उभें राहणें भाग पडलें, आणि गुप्ततेचा जो मुख्य लाभ तो नाहींसा झाला. हा दोष ओळखून पुढें त्या पद्धतींत दुरुस्ती झाली. सकाळीं सर्व मतदारांनीं आपल्या केंद्रावर येऊन नांव पडताळून घ्यावयाचें. मग ठरल्या वेळीं सर्वत्र एकदमच मतदान सुरू व्हावयाचें, म्हणजे एका मनुष्यास दोन ठिकाणीं मत देतां येऊं नये. मतपत्रिकेवर खूण एकांतांत करावयाची, पण ती पेटींत टाकावयाची सर्वांच्या देखत. मोजणी तेथेंच, निकाल तेथेंच मोठ्यानें वाचून दाखवावयाचा, आणि त्याची प्रत दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींच्या हातीं द्यावयाची. मग वार्ड, स्थानिक क्षेत्र, राज्य आणि शेवटीं राजधानी अशा पायऱ्यांनीं बेरीज वर चढावयाची. यांतली खुबी वाचकांनीं लक्ष्यांत ठेवावी, कारण पुढील सर्व नाट्य तिच्यावर अवलंबून आहे. आंकडा राजधानींत जन्मास येत नव्हता. तो गांवोगांव जन्मून राजधानीस जात होता.

१९९२ सालीं दोन्ही पक्षांनीं अध्यक्षपदाचे उमेदवार निवडण्यासाठीं केलेल्या प्राथमिक निवडणुका सरकारानें गैरप्रकारांच्या सबबीवर रद्द केल्या, आणि तेवीस इच्छुकांस बाद ठरविलें. नंतर 'ऑप्शन ए-फोर' नांवाची पद्धति आली. तींत उमेदवारास आपल्या वार्डापासून आरंभ करून एकेक पायरी जिंकीत राष्ट्रीय अधिवेशनापर्यंत यावें लागे. मार्च १९९३ मध्यें जोस येथील अधिवेशनांत सोशल डेमॉक्रॅटिक पक्षानें मोशूद अबिओला यांस, व पोर्ट हारकोर्ट येथें दुसऱ्या पक्षानें बशीर तोफा यांस निवडलें. अबिओला हे नैर्ऋत्येकडील योरूबा जमातीचे धनाढ्य व्यापारी व वृत्तपत्रांचे मालक. तोफा उत्तरेकडील कानोचे. दोघेहि जनरलसाहेबांच्या परिचयाचे. तेव्हां कोणीहि आला तरी बिघडत नाहीं, असें पाहणारास वाटलें असतें.

तरीहि विघ्न आलेंच. 'असोसिएशन फॉर बेटर नायजेरिया' नांवाच्या एका मंडळीनें, लष्करानेंच आणखी राज्य करावें, अशी चळवळ चालविली होती. तिच्या अर्जावरून अबूजाच्या उच्च न्यायालयानें १० जूनच्या रात्रीं, म्हणजे मतदानास पुरते दोन दिवसहि उरले नसतां, निवडणूक थांबविण्याचा हुकूम दिला. रात्रीच्या वेळीं न्यायदान करण्याची ही तत्परता मोठी अपूर्व होय. परंतु याच निवडणुकीसाठीं काढलेल्या त्या वर्षाच्या तेराव्या लष्करी हुकूमनाम्यांत असें स्पष्ट कलम होतें कीं, कोणत्याहि न्यायालयाच्या अंतरिम हुकुमानें निवडणुकीची तारीख वा आयोगाचें काम अडूं नये. न्वोसूंनीं तें कलम पुढें केलें आणि मतदान ठरल्या दिवशींच होईल असें जाहीर केलें. त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत तेजस्वी क्षण हाच, असें आम्ही समजतों.

शनिवार १२ जून १९९३ रोजीं मतदान झालें. सुमारें एक कोट त्रेचाळीस लक्ष लोकांनीं मतें दिलीं, आणि इतकी शांत व स्वच्छ निवडणूक त्या देशानें पूर्वीं पाहिली नव्हती याविषयीं देशीविदेशी साक्षीदारांचें एकमत आहे. अबिओलांस ८३,४१,३०९ व तोफांस ५९,५२,०८७ मतें पडलीं. तेवीस लक्षांहून अधिक मतांचा फरक! त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, दक्षिणेचा हा मनुष्य तोफांच्या स्वतःच्या कानो राज्यांतहि जिंकला. त्याचा सहकारी उमेदवारहि त्याच्याप्रमाणेंच मुसलमान असतां ख्रिस्ती मतदारांनीं त्यास मतें दिलीं. यादवीनें फाटलेल्या राष्ट्रास जात, प्रांत व धर्म यांच्या पलीकडे जाऊन एक मनुष्य निवडतां येतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

आतां दुसरा अंक. निम्म्याच्या आसपास राज्यांचे निकाल अबूजा येथें जाहीर झाले होते, तोंच १५ जूनला तेथल्याच न्यायालयानें पुढील निकाल जाहीर न करण्याचा हुकूम दिला, आणि दुसऱ्या दिवशीं आयोगानें निकाल थांबविले. वरिष्ठ न्यायालयाकडे अपील करण्यांत आलें. पण २३ जून रोजीं, जिच्यावर कोणाची सहीहि नाहीं अशा एका कागदी निवेदनानें, ती निवडणूकच रद्द झाल्याचें जगास कळविण्यांत आलें. आयोगहि त्याबरोबर निकालांत निघाला, आणि पुढें त्याच्या अध्यक्षपदीं दुसरा गृहस्थ आला. प्रा. न्वोसू दृष्टीआड झाले.

येथें टीकाकारास थांबून एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. १० जूनचा न्यायालयीन हुकूम न्वोसूंनीं मानला नाहीं. १५ जूनचा मानला. कलम तेंच होतें, न्यायालयहि तेंच. मग फरक कशाचा? आम्हांस तरी एकच फरक दिसतो. पहिल्या वेळीं सरकारची संमति त्यांच्या पाठीशीं होती. दुसऱ्या वेळीं ती काढून घेण्यांत आली होती. म्हणजे १० जूनचें धैर्य जितकें त्यांचें होतें तितकेंच तें उसनें होतें, आणि धनकोनें मागतांच तें परत करावें लागलें. ही गोष्ट आम्ही त्यांस हिणविण्यासाठीं सांगत नाहीं. बंदुकीच्या छायेंत बसलेल्या प्राध्यापकानें उरलेले निकाल वाचून दाखवावयास हवे होते, असें पुण्यामुंबईंत आरामखुर्चीवर बसून लिहिणें फार सोपें आहे. परंतु ज्यानें पुढें आपल्या ग्रंथास लोकशाहीच्या पायाचें नांव दिलें, त्यास हा प्रश्न विचारणें अन्यायाचें नव्हे.

या मौनाची किंमत लहान नव्हती. २६ ऑगस्ट १९९३ रोजीं बाबांगिदा बाजूस झाले व एक हंगामी सरकार आलें. नोव्हेंबरांत जनरल सानी अबाचा यांनीं तेंहि उलथून पाडलें. अबिओलांनीं ११ जून १९९४ रोजीं लागोस येथें स्वतःस राष्ट्राध्यक्ष म्हणून घोषित केलें. त्याच महिन्यांत त्यांस पकडण्यांत आलें. त्यांची पत्नी कुदिरत ४ जून १९९६ रोजीं भर रस्त्यांत गोळ्यांस बळी पडली. स्वतः अबिओला ७ जुलै १९९८ रोजीं कैदेंतच वारले. २९ मे १९९९ रोजीं मुलकी राज्य आलें खरें, पण ज्यास लोकांनीं निवडलें होतें तो तें पाहावयास उरला नव्हता. आणि या सर्व काळांत, निकालाचा अधिकृत कागद ज्यानें स्वतः पाहिला होता, तो गृहस्थ लोकांपुढें अवाक्षर बोलला नाहीं.

पंधरा वर्षांनीं तो बोलला. ग्रंथाचा गुण असा कीं, त्यांत आंकडे आहेत. १२ जूनचा निकाल आयोगाच्या प्रमुखाच्या हातून छापला गेला, आणि जें सर्वांस ठाऊक होतें त्यावर अधिकाऱ्याची मोहर उठली. मतदानपद्धति कां व कशी बदलत गेली याचें विवेचनहि अभ्यासकास उपयोगी आहे. या विषयावर लिहितांना न्वोसूंच्या लेखणीस कारागिराची गोडी येते. सुताराला आपल्या सांध्याविषयीं बोलतांना जो आनंद होतो, तो येथें आहे.

पण रद्द करणारा कोण, या प्रश्नापाशीं आलें कीं घोडें पेंड खातें. जनरल बाबांगिदांविषयीं ग्रंथकार इतका मृदु होतो कीं, दोष सर्व भोंवतालच्यांचा आणि धनी बिचारा अगतिक, असाच समज वाचकाचा व्हावा. ग्रंथ बाहेर पडतांच नायजेरियांतील टीकाकारांनीं याच गोष्टीवर कोरडे ओढले, व आम्हांसहि त्यांचें म्हणणें बरोबर वाटतें. ज्या हुकूमशहानें आठ वर्षें एकहि पान आपल्या इच्छेवांचून हालूं दिलें नाहीं, तो नेमका त्याच आठवड्यांत अगतिक झाला, हें मानावयास वाचकाजवळ फार मोठी श्रद्धा पाहिजे. येथें लेखक ताकास जाऊन भांडें लपवितो. तें भांडें भीतीचें आहे कीं कृतज्ञतेचें, हें ठरविणें कठीण आहे; पण आमचा तर्क कृतज्ञतेकडे झुकतो. ज्यानें आपणांस खुर्ची दिली, आपल्या प्रयोगांस एक अख्खें राष्ट्र प्रयोगशाळा म्हणून दिलें, त्याच्याविरुद्ध लेखणी उचलतांना सज्जन मनुष्याचा हात जड होतो. सौजन्य हा घरांत गुण असतो. साक्षीच्या पिंजऱ्यांत तो दोष ठरतो.

या ठिकाणीं आपल्याकडील एका समकालीन उदाहरणाची आठवण होते. त्याच वर्षीं, ऑगस्ट १९९३ मध्यें, भारताचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनीं आपल्या अधिकारांस मान्यता मिळेपर्यंत निवडणुकाच होणार नाहींत, अशी आज्ञा काढली होती. सरकार चिडलें, ऑक्टोबरांत त्यांच्या शेजारीं आणखी दोन आयुक्त आणून बसविलें. पण त्यांस खुर्चीवरून उठवूं शकलें नाहीं, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास काढण्याची जी रीत तीच मुख्य आयुक्तास लागू, असें घटनेच्या ३२४ व्या कलमांत लिहिलेलें आहे. शेषन शूर होते आणि न्वोसू भित्रे, असा निवाडा यावरून करणें फार उथळपणाचें होईल. एकाचे पाय घटनेवर टेकले होते. दुसऱ्याचे हुकूमनाम्यावर, व तो हुकूमनामा दुसऱ्या कागदानें पुसला जाण्यासारखा होता. मनुष्याचें धैर्य त्याच्या पायांखालच्या जमिनीवरहि अवलंबून असतें. ती जमीन तयार करणें हें समाजाचें काम आहे.

मग न्वोसूंचा पाया घातल्याचा दावा खरा कीं खोटा? आमच्या मतें तो खरा आहे, पण ते समजतात त्या अर्थानें नव्हे. बाबांगिदांच्या कार्यक्रमानें लोकशाहीचा पाया घातला नाहीं. त्या कार्यक्रमास विद्वत्तेची अब्रू पुरविण्यांत न्वोसूंचा वांटा होता, आणि तेवढा दोष त्यांच्या पदरीं घातलाच पाहिजे. परंतु त्यांनीं रचलेलें यंत्र त्यांच्यापेक्षां शूर निघालें. राजधानींत निकाल दडपला गेला तेव्हां प्रत्येक गांवास आपला आंकडा पाठ होता, पक्षांच्या प्रतिनिधींच्या खिशांत प्रती होत्या, आणि थोड्याच दिवसांत 'कँपेन फॉर डेमॉक्रसी' या लोकपक्षीय संस्थेनें सर्व राज्यांचे निकाल न्यायालयाच्या बंदीस न जुमानतां प्रसिद्ध केले. निवडणूक अस्वच्छ झाली असती तर ती रद्द करणारास 'शुद्धीकरण केलें' असें म्हणतां आलें असतें. ती स्वच्छ झाली म्हणूनच रद्द करणें हा दरोडा ठरला, आणि दरोडा म्हणूनच तो लोकांच्या स्मरणांत राहिला. चोख केलेलें काम करणाराच्या मौनानंतरहि बोलत राहतें, याचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

त्या बोलण्याचीं फळें फार उशिरां आलीं. २०१८ सालीं नायजेरियाच्या सरकारानें १२ जून हा लोकशाही-दिन ठरविला आणि अबिओलांस मरणोत्तर सर्वोच्च पदवी दिली. न्वोसू २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं वयाच्या त्र्यायशीव्या वर्षीं निवर्तले. चारच महिन्यांनीं, फेब्रुवारी २०२५ मध्यें, जनरल बाबांगिदांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें आणि त्यांत अबिओलाच विजयी झाले होते अशी स्पष्ट कबुली आली. निवडणूक रद्द झाल्याची घोषणा आपल्या परवानगीवांचून झाली, असें म्हणूनहि जनरलसाहेबांनीं जबाबदारी आपल्या शिरावर घेतली आहे. धन्यानें जें कबूल केलें तें सेवकानें झांकून ठेवलें होतें. आणि धन्याची कबुली ऐकावयास सेवक जिवंत नव्हता. पुढच्याच महिन्यांत, निवडणूक आयोगाच्या मुख्य कचेरीस न्वोसूंचें नांव द्यावें अशी सूचना तेथील सेनेटांत आली असतां ती नामंजूर झाली. त्यांनीं निकाल जाहीर केला नाहीं, हाच मुख्य आक्षेप. जूनमध्यें मात्र राष्ट्राध्यक्षांनीं त्यांस मरणोत्तर सन्मान दिला. एकाच वर्षांत एकाच मनुष्याविषयीं राष्ट्राचीं दोन मतें व्हावीं, यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. दोन्ही मतें बरोबर आहेत.

आरंभीं आम्हीं ज्या वाक्याचा उल्लेख केला त्याकडे वळून हा लेख संपवितों. 'मीं माझें काम चोख केलें' हें म्हणण्याचा अधिकार प्रा. न्वोसूंस निःसंशय होता, आणि तो फार थोड्यांस असतो. परंतु ज्या कामाचा शेवट 'निकाल सांगणें' हा आहे, तें काम निकाल सांगितल्याखेरीज पुरें होत नाहीं. मोजणी त्यांनीं १९९३ सालीं केली आणि निकाल २००८ सालीं सांगितला. मधल्या पंधरा वर्षांचें उत्तर त्यांच्या ग्रंथांत नाहीं. तरीहि तो वाचावा, विशेषतः ज्यांच्या घरांत कोणी सरकारी टेबलामागें बसत असेल त्यांनीं अवश्य वाचावा. सज्जन मनुष्य कोणत्या वळणापर्यंत निर्भय असतो आणि कोणत्या वळणावर त्याचा आवाज बसतो, हें त्यांत त्याच्या स्वतःच्या हातानें नमूद झालेलें आहे.